आग आत, बापूराव बाहेर

गेनबा गेले तेव्हा बापूराव कामठे चितेच्या जरा जास्तच जवळ उभे राहिले. शाळेपासूनचा सोबती, म्हणून उभे राहिले. मध्येच वारा फिरला, धगीचा एक लोट अंगावर आला आणि त्यांच्या मिशीचं एक टोक करपलं. बाकीची मंडळी चटकन मागं सरली. बापूराव जागचे हलले नाहीत. त्यांच्या डोक्यात एक विचार शिरला होता, आणि विचार शिरला की त्यांचे पाय थांबत असत.

गावी, मांजरीला परतताना टेंपोत त्यांनी तो बोलून दाखवला.

"बाहेर उभं ऱ्हायलो तर एवढी धग. मग आतमधी गेनबाला केवढी लागली असंल?"

अशा वेळी अशा प्रश्नाला उत्तर द्यायची पद्धत नाही. शेवटी त्यांचा पुतण्या बद्रीनाथ म्हणाला, "नाना, गेनबा आबांना आता काही कळत नसतंय."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? माहीत असतंय ते."

"मंजी कुणीच सांगितलेलं नाय," बापूराव म्हणाले. "आजवर एक तरी माणूस माघारी येऊन म्हणला का, की बाबांनो, काय लागत नाय, बिनघोर या म्हणून?"

तसं कुणी म्हटल्याचं टेंपोतल्या कुणाच्या कानावर नव्हतं.

बापूराव भित्रा माणूस नव्हे. ऐंशी ओलांडली तरी धोतर सावरत सायंकाळी गावाला फेरी मारायचे. विहिरीतला साप त्यांनी हातानं काढलेला होता, कोर्टात वकील न देता स्वतः भांडलेले होते, आणि बिल्डर लोकांना तर अशा थंडपणे घोळवलं होतं की शेवटी बिल्डरच त्यांना वाकून नमस्कार करून गेला. त्यांच्या उसाच्या रानात आता 'केन काउंटी' नावाची उंच सोसायटी उभी होती. बी विंगची लिफ्ट बरोबर जुन्या विहिरीवर आली आहे, हे ते त्या लिफ्टमधून जाणाऱ्यांना आवर्जून सांगत. आयटीतली पोरं मग जिन्यानं जात.

पण आगीचं त्यांना भय होतं, आणि ते जन्मभर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. घरचं गुऱ्हाळ चालायचं तेव्हा ते काकवीच्या कढईपलीकडे, वाऱ्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसत. चुलाणापाशी कधी गेले नाहीत. मालकानं चुलाणात पाचट सारायचं नसतं, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. दिवाळीला फटाके लावायचे ते पोरांनी. देवापुढचं निरांजनसुद्धा त्यांच्या पत्नी सुशीलाबाईच लावत; बापूराव लांबून हात जोडत. लोक म्हणत, माणूस सोवळ्याचा आहे.

बापूराव आणि सुशीलाबाईंना मूलबाळ नव्हतं. बद्रीनाथ धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ लवकर गेला, तेव्हापासून बापूरावांनीच त्याला वाढवलं. वेळ येईल तेव्हा अग्नी त्यानंच द्यायचा हे घरात ठरलेलं होतं. त्यामुळे टेंपोतल्या प्रश्नाचं पुढं काय होणार याची बद्रीनाथला थोडी धास्ती होतीच.

गुरुवारी बद्रीनाथला सुट्टी असे. तो ओट्यावर मोटरसायकल पुसत बसला होता तोच बापूराव येऊन समोर बसले.

"बद्र्या, तू त्या हडपसरच्या कारखान्यात करतुस काय रं?"

बद्रीनाथच्या हातातलं फडकं थांबलं. त्याला त्या कारखान्यात लागून अर्धं आयुष्य झालं होतं. एवढ्या काळात घरातल्या कुणी हे विचारलेलं नव्हतं. बापूराव पाहुण्यांना सांगत, "नळ्यांच्या कारखान्यात हाय." लग्न जमवताना मामांनी 'विमानात आहे' असं सांगून वेळ मारून नेली होती. त्याला एकदम भरून आलं. त्यानं फडकं बाजूला ठेवलं आणि मन लावून सांगायला सुरुवात केली.

"टर्बाइन म्हणजे एक मोठं इंजिनच, नाना. विमानात असतंय, वीज करायच्या कारखान्यात असतंय. त्याच्या पोटात इंधन जळतं. ती आग अशी असती की बाहेरचं लोखंड वितळून जाईल. म्हणून मधी एक नळी बसवतात. पातळ पत्र्याची. आतनं चिनी मातीसारखा थर दिलेला, आणि अंगभर बारीक बारीक भोकं. त्या भोकांतनं गार हवा येत ऱ्हाती आणि पत्र्याला धरून वाहती. आग आपली आत जळती, बाहेरच्याला पत्तासुद्धा लागत नाही. त्या नळीला लायनर म्हणतात. तडकलेले, जळालेले लायनर आमच्याकडं येतात, आम्ही ते नीट करून परत देतो."

"लोखंड वितळंल एवढी आग," बापूराव सावकाश म्हणाले, "आन् बाहेरच्याला पत्ता लागत नाय."

"नाही लागत."

"मग मला एक कर."

बद्रीनाथला आधी वाटलं, काका चेष्टा करतात. पण बापूरावांनी कनवटीची सुतळी काढली. तिला एक गाठ मारलेली होती. सकाळीच त्यांनी सुशीलाबाईंकडून स्वतःची उंची मोजून घेतली होती.

"टोपीसकट हाय," ते म्हणाले. "वाटल्यास टोपी काढू."

बद्रीनाथनं दोन आठवडे टाळाटाळ केली. एकदा सांगितलं, माल नाही. एकदा सांगितलं, साहेब गावाला गेलेत. तेव्हा एके दिवशी बापूराव सुशीलाबाईंना घेऊन रिक्षानं थेट कारखान्यावर येऊन उतरले. दारावर पाटी होती: 'काम असेल तर आत या. नसेल तर कुठेतरी कामाला लागा.' बापूरावांनी ती वाचली, त्यांना ती पटली, आणि ते आत गेले.

कारखान्याचे मालक प्रज्ञेश देवस्थळी हे सदाशिव पेठेत राहणारे, चाळिशीचे इंजिनिअर. त्यांची एक खोड होती. प्रश्न कितीही चमत्कारिक असो, विचारला की त्याचं बरोबर उत्तर दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"नमस्कार. बसा," ते म्हणाले. "काय हवंय आपल्याला?"

"लायनर."

"कुठल्या मशिनसाठी?"

"माझ्यासाठी."

देवस्थळींनी बद्रीनाथकडे पाहिलं. बद्रीनाथ छताकडे पाहत होता. मग बापूरावांनी गेनबाच्या चितेपासून सगळं सविस्तर सांगितलं आणि सुतळी टेबलावर ठेवली.

"आमच्याकडे टर्बाइनचे लायनर होतात," देवस्थळी म्हणाले. "माणसांचे होत नाहीत. तशी पाटी लावायची वेळ अजून आली नव्हती."

"आगीत किती टिकतोय तुमचा माल?"

"नीट वापरला तर कित्येक वर्षं."

"मला एवढा नको. दोन-तीन तास टिकला तरी भागंल."

देवस्थळींनी हा मुद्दा विचारात घेतला. मग म्हणाले, "अडचण टिकण्याची नाहीये. लायनर आतल्याला जपत नाही, बाहेरच्याला जपतो. आग त्याच्या आत असते. तुम्ही आत झोपलात तर तुम्ही आगीच्या बाजूला. भाजून निघाल. आणि आमच्या लायनरमध्ये अतिशय समप्रमाणात भाजून निघाल."

सुशीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. चहा आला. बापूरावांनी बशीत ओतून तो संपवला. मग बशी ठेवून म्हणाले, "मग आगीला आत घाला. मी बाहेर ऱ्हातो."

"म्हणजे?"

"मंजी लायनरमधी आग. शेजारी मी. आग बी झाली, मी बी हाय, आन् मला काय लागलं बी नाय."

देवस्थळींनी कागद ओढून त्यावर एक नळी आणि तिच्या शेजारी एक माणूस काढला. बद्रीनाथला वाटलं, आता आपली नोकरी गेली.

"यात तांत्रिक चूक नाही," देवस्थळी शेवटी म्हणाले. "बाकी सगळ्या आहेत."

कारखान्याच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना लायनर पडून होता. ज्या कंपनीनं दुरुस्तीला पाठवला ती कंपनीच बंद झाली होती आणि मालाला वाली उरला नव्हता. देवस्थळींनी तो बद्रीनाथच्या हवाली केला. "घेऊन जा. पण कुठंही आमचं नाव घ्यायचं नाही," ते म्हणाले. "पंचक्रोशीत नाही, पेपरात नाही, आणि देवाघरी तर अजिबात नाही."

लायनर मांजरीला आला. माणसाच्या छातीइतका उंच, दोन्ही हातांनी कवळ घालता येईल एवढा रुंद, आतून पांढरा, अंगभर भोकं. सुशीलाबाईंनी आधी तो धुवून घेतला. मग गुरुजींना बोलावणं गेलं. घरातल्या सगळ्या कार्यांना येणारे गुरुजी पेठेतून इलेक्ट्रिक स्कूटरवर येत. मांजरीत त्यांची स्कूटर दर वेळी बापूरावांच्याच घरी चार्ज होई, त्यामुळे ते या घरी जरा जास्त वेळ बसत.

त्यांनी योजना ऐकून घेतली आणि डोळे मिटले.

"अग्निसंस्कार म्हणजे देह अग्नीला अर्पण करायचा असतो," ते म्हणाले.

"शेजारी ठेवून अर्पण केला तर?"

"शास्त्रात शेजारची सोय नाही, बापूराव."

"मनाई हाय का?"

गुरुजींनी पुन्हा डोळे मिटले. "मनाई... तशी मनाई करायचं कुणाला सुचलं नसावं," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "आणि आत्म्याला तर अग्नी जाळतच नाही. तेव्हा आपण निर्धास्त असावं."

"आत्म्याचं मला सांगू नका. तो त्याचं बघंल. मी पाठीबद्दल बोलतोय."

सुशीलाबाई बाजूला मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मंजी आग विझली की तुमाला परत घरी आणायचं का आमी?"

त्यांनी एक काडी मोडून बाजूला टाकली.

"जसंच्या तसं परत येणार तुमी. टेंपोतनं. मग तेराव्याला कुठं बसवायचं? पंगतीत?"

बापूरावांनी या बाजूनं विचार केलेला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. "ते तुमचं तुमी बघा," ते म्हणाले. "मी तवा नसणार."

"असणार की. भाजलेलेच नसणार, तर असणारच."

"आधी ट्रायल तर होऊ दे," बापूराव म्हणाले आणि उठून गेले.

ट्रायल मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सकाळी अंगणात झाली. बद्रीनाथनं लायनर विटांवर आडवा ठेवला. हवा कडेनं फिरावी म्हणून त्याच्याभोवती साध्या पत्र्याचं दुसरं कवच केलं. लग्नाच्या आचाऱ्याकडून गॅसची भट्टी आणली. धान्य उफणायचा विजेचा पंखा होता, तो एका बाजूनं लावला. कारखान्यात तो फक्त नळ्या दुरुस्त करी. नळीत आग पेटलेली त्यानं स्वतः कधी पाहिली नव्हती, म्हणून त्यालाही आतून उत्सुकता होती. ती मात्र त्यानं कुणाला दाखवली नाही.

बापूरावांचं म्हणणं होतं, ट्रायल करायची तर रीतसर. तिरडी आणा. सुशीलाबाई म्हणाल्या, जिवंतपणी तिरडीवर झोपायचं नाही, बाज घ्या. बाजेवर तडजोड झाली. बापूराव पाय दक्षिणेला करून आडवे झाले, हात छातीवर ठेवले, पांढरी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि डोळे मिटले.

"मी मेलोय असं धरून चाला," ते म्हणाले. "कुणी बोलायचं नाय माझ्याशी."

पंखा सुरू झाला, भट्टी पेटली. लायनरच्या आत ज्वाळा निळी-पिवळी होऊन घुमू लागली आणि दुसऱ्या तोंडातून गरम हवेचा झोत बाहेर पडू लागला. बद्रीनाथनं बाहेरच्या कवचावर तळहात ठेवला. कोमट. उन्हातल्या भिंतीइतकं कोमट. त्यानं हात तसाच ठेवला. आत लोखंड लाल करील अशी आग होती, आणि त्याच्या हाताला फक्त ऊब लागत होती. आपण इतकी वर्षं काय करतोय ते त्याला त्या क्षणी कळलं, आणि अंगणात दुसरं कुणी शहाणं माणूस नव्हतं म्हणून ते कुणाला सांगता आलं नाही.

घोटाळा झाला तो केन काउंटीच्या गॅलऱ्यांमुळे. वरच्या मजल्यावरून चहा पिणाऱ्या एका बाईंनी खाली पाहिलं, तर बापूराव पांढऱ्या चादरीत निपचित, डोक्याशी आग, पायाशी पुतण्या. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. कुणीतरी हात जोडलेलं चित्र पाठवलं, मग सगळ्यांनी पाठवलं. तिथून बातमी गावात गेली, गावातून लोणीला, लोणीहून उरुळीला.

आधी सोसायटीचे चेअरमन हार घेऊन आले. त्यांनी तो बापूरावांच्या छातीवर ठेवला. बापूरावांनी ट्रायल मोडायची नाही असं ठरवलेलं असल्यामुळे हूं की चूं केलं नाही.

"कधी गेले?" चेअरमननी हळू आवाजात विचारलं.

"अजून नाय," सुशीलाबाई म्हणाल्या. "ट्रायल चाललीय."

चेअरमननी मान हलवली आणि एका बाजूला जाऊन उभे राहिले. धक्का बसला की बायका काहीबाही बोलतात, हे त्यांना माहीत होतं.

मग माणसं येतच राहिली. कुणी हार घातला, कुणी पायावर डोकं ठेवलं, कुणी बद्रीनाथला मिठी मारून रडलं. बद्रीनाथनं प्रत्येकाला टर्बाइनपासून समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण दुःखात कुणी टर्बाइन ऐकून घेत नाही. शेवटी बापूरावांची बहीण तुळजाबाई उरुळीहून जीपमधून आल्या. फाटकापासूनच त्यांनी हंबरडा फोडला आणि "माझा दादा" म्हणत बाजेवर पडल्या. त्यांचं सगळं वजन बापूरावांच्या पोटावर आलं.

"उठ गं," बापूराव डोळे मिटूनच म्हणाले. "लागतंय."

चेअरमननी हळूच हार काढून घ्यायला हात पुढं केला आणि पुन्हा मागं घेतला.

तुळजाबाई उठून बसल्या. त्यांनी भावाकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं. "मेला नाहीस तर निजलास कशाला असा?" त्या म्हणाल्या. "तीस रुपयाचा झेंडूचा हार आणला मी वाटंत थांबून." मग झालं ते त्यांनी ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांचा हात सहज नळीच्या कवचावर गेला आणि तिथंच राहिला. त्यांना गुडघेदुखी होती. थोड्या वेळानं त्यांनी हात काढून गुडघा टेकवला.

"ऊब गोड हाय," त्या म्हणाल्या. "मला बी एक करा."

आलेल्या माणसांना उपाशी पाठवायचं नाही म्हणून सुशीलाबाईंनी पिठलं टाकलं. नळीच्या दुसऱ्या तोंडातून येणाऱ्या झोतावर त्यांनी पाटीभर शेंगा धरल्या, त्या क्षणात भाजून निघाल्या. मयतीला आलेली माणसं शेंगा खात संध्याकाळपर्यंत बसली. बापूराव उठून टोपी घालून त्यांच्यात बसले आणि सगळ्यांना सांगत राहिले, "कायसुद्धा झालं नाय मला. शेवटपर्यंत नाय."

त्यानंतर तो रिवाजच पडला. थंडीभर रोज सकाळी बद्रीनाथ कामावर जायच्या आधी नळी पेटवून देई. बापूराव बाजेवर बसत. सोसायटीतले पेन्शनर कानटोप्या घालून येत, गावातली म्हातारी माणसं येत. बी विंगचे निवृत्त प्राध्यापक आणि माळावरचे मेंढपाळ एका नळीला पाठ लावून बसत आणि एकमेकांना काहीही न विचारता उन्हं वर येईपर्यंत थांबत. बद्रीनाथला आता गावात लोक थांबवून विचारत, "काय, लायनर काय म्हणतोय?" बायको म्हणाली, तुम्ही घरात शिट्टी वाजवायला लागलाय. त्याला स्वतःला ते कळलं नव्हतं.

बापूरावांचं मात्र काहीतरी बदलत चाललं होतं, आणि ते पहिल्यांदा सुशीलाबाईंच्या ध्यानात आलं. पहिल्या दिवशी बाज नळीपासून चांगली हातभर लांब होती. पौषात ती नळीला टेकली. माघात बापूराव म्हणाले, "तो पंखा जरा बारीक कर." बद्रीनाथनं केला. काही दिवसांनी म्हणाले, "बद्र्या, माल लईच चांगला केलाय तुमी. कायच लागत नाय रं." एके सकाळी बद्रीनाथ कामाला निघताना पाहतो तो बापूराव बाज उचलून नळीच्या दुसऱ्या तोंडाच्या अंगाला घेऊन गेलेले, आणि झोतापासून थोड्या अंतरावर दोन्ही तळवे पुढे धरून बसलेले. मिशीची दोन्ही टोकं करपलेली.

"नाना, भाजंल तिथं."

"भाजू दे जरा," बापूराव म्हणाले. "हाडापर्यंत जाती ही. ती पत्र्याची ऊब वरवरची. काढ ते सगळं."

'ते सगळं' म्हणजे बाहेरचं कवच, की पंखा, की आणखी काही, हे बद्रीनाथला नीट कळलं नाही. कामाला उशीर होत होता. येऊन बघू म्हणून तो गेला.

फाल्गुनात बापूरावांना सर्दी झाली, ती छातीत गेली. दवाखान्यात ते चार-पाच दिवस होते. शेवटच्या दिवशी नर्सला म्हणाले, "तुमचा एसी बंद करा, मी काय भाजी हाय का?" आणि दुपारी गेले.

घरात गर्दी जमली तेव्हा सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती आणि कुणी ती बोलत नव्हतं. शेवटी गुरुजींनी बद्रीनाथला बाजूला घेतलं. "ते लायनरचं काय ठरलंय?" ते म्हणाले. "मला मंत्र त्याप्रमाणे मागेपुढे करावे लागतील."

आग नळीतच पेटवायची, असा बद्रीनाथनं नानांना शब्द दिलेला होता. तो मोडायची त्याची छाती नव्हती, आणि पाळायची कल्पना केली की त्याला टेंपोतून परत येणारे नाना दिसत. तो स्वयंपाकघरात गेला. सुशीलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"काकी, लायनरचं काय करायचं?"

"त्यांनी तुला शेवटी काय सांगितलं?"

"काढ ते सगळं म्हणले. पण ते पंख्याबद्दल म्हणले का कशाबद्दल, मला कळलं नाही."

सुशीलाबाईंनी डोळे पुसले. "माणूस 'सगळं' म्हणतो तवा पंख्याबद्दल म्हणत नसतो," त्या म्हणाल्या. "त्यांना आता ऊब लागंल. सरळ चितेवर घाला."

एवढं होऊनही लायनर स्मशानात गेला. सोसायटीच्या पेन्शनर लोकांनी ठरवून तो दुसऱ्या टेंपोत चढवला होता. बापूरावांच्या इच्छेचा मान राखायचा, असं त्यांचं म्हणणं. नदीकाठी नेऊन त्यांनी तो चितेपासून लांब एका कट्ट्यावर उभा करून ठेवला. बद्रीनाथनं अग्नी दिला. नाना भ्यायले नसते, असं त्याला मनापासून वाटलं, आणि मग तो लहान मुलासारखा रडला. चेअरमननी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

इकडे शेजारच्या अंत्यविधीला आलेल्या परक्या माणसांनी कट्ट्यावरची नळी पाहिली. भोकाभोकांची, आतून पांढरी, काहीतरी जुनं आणि जागृत असावं असं त्यांना वाटलं. जाता जाता एकानं फूल वाहिलं, मग सगळ्यांनी वाहिलं. बद्रीनाथ परत आला तेव्हा नळीला हार होता, पुढे उदबत्ती होती, आणि स्मशानातला रखवालदार कमरेवर हात ठेवून उभा होता.

"हे तुमचं का?" तो म्हणाला. "घेऊन जायचं. इथं देव ठेवून जायला बंदी आहे."

म्हणून लायनर परत घरी आला. तेरावा झाला, पंगती उठल्या, आणि जाताना तुळजाबाई अंगणात नळीपाशी थांबल्या. त्यांनी काही मागितलं नाही, नुसता कवचावर हात ठेवला. सुशीलाबाई म्हणाल्या, "न्या. मला ती नुसती दिसली तरी भरून येतंय."

बद्रीनाथनं टेंपो काढला. मागे नळी दोरांनी बांधली, पुढे आत्याला बसवलं. सोलापूर रस्त्यानं जाताना तो त्यांना समजावत होता: आग आत पेटवायची, पंखा आधी सुरू करायचा, लहान पोरांना झोताच्या तोंडाशी जाऊ द्यायचं नाही. आत्या म्हणाल्या, "सगळं कळलंय मला. तू हळू चालव."

लोणीच्या चौकात वाहतूक पोलिसानं शिट्टी मारली. टेंपोला फेरी घालून तो खिडकीशी आला.

"मागं काय आहे ते?"

"टर्बाइन असतं ना साहेब," बद्रीनाथनं सुरुवात केली, "त्याच्या पोटात इंधन जळतं—"

तुळजाबाई खिडकीतून पुढे वाकल्या.

"माझ्या भावाचा हाय," त्या म्हणाल्या. "जाऊ द्या."

पोलिसानं त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा एकदा नळीकडे पाहिलं, आणि हातानं पुढे जायची खूण केली.